कॅमकॉर्डर, घरगुती

हलती दृश्ये टिपणारा कॅमेरा आणि ती ध्वनीसह साठविणारे नोंदणी यंत्र ही दोन्ही ज्या उपकरणात एकाच आटोपशीर कवचात बसविलेली असतात, त्यास कॅमकॉर्डर म्हणतात. कॅमेरा व रेकॉर्डर या दोन शब्दांच्या संयोगातून हे नाव बनले आहे. वृत्तचित्रण व कार्यक्रमनिर्मिती यांसाठी वापरल्या जाणाऱ्या व्यावसायिक यंत्रांच्या मानाने घरगुती कॅमकॉर्डर वजनाने हलका, किमतीने कमी व चालविण्यास सोपा असतो. बारसे, मुंज, लग्न, सण, गावची जत्रा आणि घरातील वडीलधाऱ्या माणसांचे बोलणे हे त्याचे नेहमीचे विषय होत. यांतील बहुतेक प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाहीत. त्यामुळे यंत्राची निवड करताना त्याच्या जाहिरातीतील आकड्यांपेक्षा अपुऱ्या प्रकाशात व गोंगाटात ते कसे चालते आणि त्यावरील चित्रण पुढे किती वर्षे टिकविता येते, या बाबींना अधिक महत्त्व असते.

इतिहास : भारतात चलच्चित्रांचे पहिले प्रदर्शन ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकारांनी इंग्लंडमधून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिज येथे रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हाच्या स्वागताचे त्यांनी १९०१ मध्ये केलेले चित्रणही प्रसिद्ध आहे. आपल्या अवतीभवती घडणारे प्रसंग स्वखर्चाने टिपून ठेवण्याची ही हौस घरगुती चित्रणाची पूर्वपीठिका मानता येईल.

हौशी लोकांसाठी ईस्टमन कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिमी., १९३२ मध्ये ८ मिमी. व १९६५ मध्ये सुपर-८ ही फिल्म बाजारात आणली. सुपर-८ ची सु. १५ मी. लांबीची फिल्म सेकंदास १८ चौकटी या वेगाने ३ मिनिटे २० सेकंदांत संपत असे. ती धुऊन आल्याखेरीज चित्रण साधले की नाही हे कळत नसे. खर्चामुळे ही हौस सधन कुटुंबांपुरतीच मर्यादित राहिली.

चुंबकीय फितीवरील घरगुती नोंदणीस १९७५ मधील बीटामॅक्स व १९७६ मधील व्हीएचएस या पद्धतींनी चालना मिळाली. तथापि आरंभी कॅमेरा हातात व नोंदणी यंत्र खांद्याला अडकवून फिरावे लागे. सोनी कंपनीचा बीटामूव्ही (१९८३) हा घरगुती वापराचा पहिला कॅमकॉर्डर होय. त्यात नोंद होई, पण ती परत पाहण्याची सोय नव्हती. १९८४ मध्ये जेव्हीसी कंपनीने लहान व्हीएचएस फितीचा आणि १९८५ मध्ये सोनीने ८ मिमी. फितीचा कॅमकॉर्डर आणला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते व १९८२ मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्यानंतर व्हिडिओ यंत्रांचा प्रसार झपाट्याने झाला आणि लग्नाच्या छायाचित्रांच्या जोडीला व्हिडिओ फीत येऊ लागली.

अंकीय नोंदणीची डीव्ही पद्धती १९९५ मध्ये, तीच फीत वापरून उच्च विभेदनाचे चित्र नोंदविणारी एचडीव्ही पद्धती २००३ मध्ये आणि फीत वगळून चकती वा स्मृतिपत्रावर नोंद करणारी एव्हीसीएचडी पद्धती २००६ मध्ये पुढे आली. यानंतर काही वर्षांतच उच्च विभेदन मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले. पुढे मोबाइल फोनमधील कॅमेऱ्याने घरगुती चित्रणाचा मोठा भाग व्यापला व स्वतंत्र कॅमकॉर्डर बनविणाऱ्या कंपन्यांनी आपली बरीच घरगुती प्रतिमाने बंद केली. तरीही निवडीची मूलतत्त्वे फोन, कॅमकॉर्डर व व्हिडिओची सोय असलेला स्थिरचित्र कॅमेरा या सर्वांना सारखीच लागू पडतात.

रचना व कार्य : दृश्यापासून येणारा प्रकाश भिंगसमूहातून जाऊन प्रतिमाग्राहकावर, म्हणजे लक्षावधी सूक्ष्म प्रकाशसंवेदी घटकांच्या अर्धसंवाहक चकतीवर पडतो. प्रत्येक घटकात प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत् भार साठतो. त्याचे मापन होऊन अंकीय संकेत तयार होतो. पूर्वीच्या कॅमकॉर्डरमध्ये सीसीडी प्रकारचा ग्राहक असे. त्याची कल्पना १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी मांडली व तीबद्दल त्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे कमी वीज खाणाऱ्या व स्वस्त सीमॉस ग्राहकाने त्याची जागा घेतली.

१,९२० × १,०८० बिंदूंच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येकी तीन बाइट व सेकंदास २५ चौकटी धरल्यास दर सेकंदाला सु. १५५ मेगाबाइट माहिती साठवावी लागेल. हे घरगुती यंत्रास शक्य नसल्यामुळे एका चौकटीपासून दुसरीत न बदललेला भाग पुन्हा न नोंदविता माहितीचे संक्षेपण केले जाते. एव्हीसीएचडी पद्धतीच्या सेकंदास २४ मेगाबिट या दराने तीच माहिती ३ मेगाबाइटवर, म्हणजे सु. पन्नासाव्या हिश्शावर येते. वाऱ्याने हलणारी झावळी, फुटणाऱ्या लाटा किंवा उधळलेला गुलाल अशा दृश्यांत जवळजवळ प्रत्येक बिंदू बदलत असतो. तेथे संक्षेपणाचा दर कमी ठेवल्यास चित्रात चौकोनी ठिगळे दिसू लागतात.

उच्च विभेदन : भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीतील अंकीय चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असे. १,२८० × ७२० किंवा १,९२० × १,०८० बिंदूंच्या चित्रास उच्च विभेदनाचे चित्र म्हणतात व ते एचडी या संक्षेपाने ओळखले जाते. दुसऱ्या प्रकारातील बिंदू पाल चित्राच्या बरोबर पाचपट भरतात. ३,८४० × २,१६० बिंदूंचे चित्र ‘फोर के’ या नावाने विकले जाते. मात्र बिंदूंची संख्या ही स्पष्टतेची केवळ वरची मर्यादा होय. भिंग हलक्या प्रतीचे असेल, हात हलत असेल वा प्रकाश अपुरा असेल, तर वाढीव बिंदूंत तपशील न भरता केवळ अस्पष्टता भरते. पूर्वीच्या यंत्रांत एका चौकटीतील विषम व सम ओळी आळीपाळीने नोंदविल्या जात. अशा चित्रात वेगवान हालचालींच्या कडा संगणकावर दातेरी दिसतात. त्यामुळे दर चौकट पूर्ण नोंदविणारे यंत्र असल्यास ते पसंत करावे.

निवडीचे निकष : प्रकाशग्रहण हा पहिला निकष होय. भर उन्हातील प्रदीपन सु. १ लक्ष लक्स असते, तर रात्री घरातील दिव्याखाली ते ५० ते १५० लक्स इतकेच भरते. उन्हात कोणतेही यंत्र चांगले चित्र देते. खरी परीक्षा माजघरात वा रात्रीच्या मांडवात होते. ग्राहकाचे क्षेत्रफळ व भिंगाचे द्वारक यांवर प्रकाशग्रहण अवलंबून असते. ‘१ इंच’ म्हणून ओळखला जाणारा ग्राहक १३.२ × ८.८ मिमी., तर ‘१/२.३ इंच’ ग्राहक सु. ६.२ × ४.६ मिमी. असतो, म्हणजे पहिल्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या चौपट भरते. एफ/१.८ द्वारक एफ/३.४ द्वारकाच्या साडेतीनपट प्रकाश आत घेते. कंपन्या देत असलेले किमान प्रदीपनाचे आकडे पुष्कळदा प्रकाशन-काल वाढवून काढलेले असतात व त्या स्थितीत हालचाली पुसट होतात. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या या आकड्यांची परस्परांशी तुलना करता येत नाही.

दुसरा निकष ध्वनीचा होय. घरगुती चित्रणे निरुपयोगी ठरण्यामागे अंधुक चित्राइतकाच न कळणारा आवाज कारणीभूत असतो. यंत्रातील ध्वनिग्राहक चित्रणकर्त्याच्या हाताजवळ असल्याने तो बोलणाऱ्यापेक्षा यंत्र हाताळल्याचा व शेजारच्या माणसांचा आवाज अधिक घेतो. बाह्य ध्वनिग्राहक जोडण्याची खाच आणि आवाज ऐकून पाहण्यासाठी श्रवणिकेची खाच असलेले साधे यंत्र, या सोयी नसलेल्या अधिक बिंदूंच्या यंत्रापेक्षा सरस ठरते. बोलणाऱ्याच्या सदऱ्याला अडकविण्याचा ध्वनिग्राहक तुलनेने स्वस्त असून त्याने होणारी सुधारणा मोठी असते.

भिंगातील घटक पुढेमागे सरकवून साधलेले प्रकाशीय झूम तेवढेच विचारात घ्यावे. अंकीय झूममध्ये चित्राचा मधला भाग केवळ मोठा करून दाखविला जातो व तपशील वाढत नाही. दूरचे दृश्य जवळ आणताना हाताचा कंपही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून भिंग वा ग्राहक प्रत्यक्ष हलवून साधलेले प्रकाशीय स्थिरीकरण असणे इष्ट असते. केवळ चित्राच्या कडा कापून केलेल्या इलेक्ट्रॉनीय स्थिरीकरणात दृश्याचा काही भाग गमवावा लागतो. लग्नविधी वा कीर्तन यांसारख्या दीर्घ प्रसंगांसाठी मात्र साध्या तिपाईला पर्याय नाही.

चौकटींच्या वेगाचा प्रश्न परदेशाहून यंत्र आणणाऱ्या कुटुंबांना विशेष लागू पडतो. भारतात विजेच्या पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्यामुळे नळीदिव्यांचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमीजास्त होतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्‌झ असून तेथील यंत्रे सेकंदास ३० वा ६० चौकटींवर बेतलेली असतात. नातलगाने तेथून आणलेल्या यंत्राने येथील मांडवात चित्रण केल्यास चित्र लुकलुकते वा त्यावरून आडवे पट्टे सरकतात. ५० हर्ट्‌झवर बदलण्याची सोय यंत्रात आहे की नाही हे खरेदीपूर्वी पाहावे. ती नसल्यास प्रकाशन-काल १/५० किंवा १/१०० सेकंद असा हाताने ठरविता आला पाहिजे.

किमतीचा हिशेब करताना केवळ यंत्राची किंमत धरणे फसवे असते. दुसरी बॅटरी, स्मृतिपत्र, ध्वनिग्राहक, तिपाई आणि प्रती ठेवण्यासाठी लागणारी साठवण चकती यांचा खर्च तीत मिळवावा लागतो. सेकंदास २४ मेगाबिट दराने तासाला सु. ११ गिगाबाइट, तर १०० मेगाबिट दराने ४५ गिगाबाइट जागा लागते. वाढीव विभेदनाचा खर्च असा पुढे दर वर्षी द्यावा लागतो. अनेक स्थिरचित्र कॅमेऱ्यांत सलग व्हिडिओ चित्रण ३० मिनिटांच्या आत थांबविण्याची मर्यादा असे. पूर्ण विधी टिपावयाचा असल्यास ही बाब तपासून घ्यावी. फोनचे चित्र आता पुष्कळ सुधारले आहे. परंतु दीर्घ प्रकाशीय झूम, बदलता येणारी बॅटरी आणि फोन वाजल्याने खंड न पडणारे चित्रण ही कॅमकॉर्डरची बलस्थाने टिकून आहेत. ज्या कुटुंबाला यांची गरज क्वचितच पडते, त्याने आहे त्या फोनला चांगला ध्वनिग्राहक व तिपाई जोडणे अधिक किफायतशीर ठरते. जुने यंत्र घेताना भिंगातून उजेडाकडे पाहून बुरशीचे जाळे दिसते का, बॅटरी अद्याप मिळते का व फितीचे यंत्र असल्यास ती संगणकात उतरविण्याची जोडणी उपलब्ध आहे का, याची खात्री करावी.

किनारी प्रदेशातील वापर : वरील निकषांचे सापेक्ष महत्त्व स्थळानुसार बदलते. कोकण किनाऱ्यावरील परिस्थितीचे उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील रेवदंडा हे गाव घेता येईल. कुंडलिका नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर वसलेल्या या गावाभोवती पोर्तुगीजांनी बांधलेल्या व १७४० मध्ये मराठ्यांकडे आलेल्या कोटाचे अवशेष असून कोटाच्या आतच नारळी-पोफळीच्या वाड्या व घरे आहेत. येथे चित्रण करणाऱ्यास वाडीतील दाट सावली आणि काही पावलांवरील पुळणीचे लख्ख ऊन एकाच चित्रात सांभाळावे लागते. स्वयंचलित प्रकाशन अशा वेळी आकाशाला जुळवून घेते व माणसांचे चेहरे काळे पडतात. यास्तव प्रकाशन हाताने कमीजास्त करण्याची सोय येथे चैनीची नसून आवश्यक ठरते. नारळी पौर्णिमेला कोळी लोक समुद्राला नारळ अर्पण करतात, तेव्हा पावसाळा संपलेला नसतो व वारा जोरात असतो. ध्वनिग्राहकावर स्पंजाचे वा केसाळ कापडाचे आच्छादन नसेल, तर गाण्याऐवजी वाऱ्याची घरघर तेवढी नोंदली जाते. शेजारच्या चौलच्या डोंगरावरील दत्तमंदिराची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेपासून भरते. तेथील रात्रीच्या चित्रणात पूर्वोक्त द्वारकाचा व ग्राहकाच्या आकाराचा कस लागतो.

खारी हवा, वाळू व आर्द्रता हे यंत्राचे येथील तीन शत्रू होत. हवेतील क्षार धातूच्या जोडण्यांवर बसून त्या गंजवितात. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बाहेरील भाग पुसून लगेच कोरडा करावा. वाळूचे कण झूमच्या कड्यात शिरल्यास ते अडकते. म्हणून बॅटरी व स्मृतिपत्र पुळणीवर बदलू नये. भिंगावर नेहमीसाठी साधी काच बसविल्यास ओरखडे तिच्यावरच निभावतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिल्यास भिंगावर बुरशी वाढते व तिच्या स्रावाने काचेवरील लेप कायमचा खराब होतो. पावसाळ्यात यंत्र चामड्याच्या पेटीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि पुडीचा रंग पालटला की ती तापवून पुन्हा वापरावी. वातानुकूलित मोटारीतून यंत्र एकदम बाहेर काढल्यास भिंगावर दव धरते. ते बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे.

या भागात टिपण्याजोगे जे आहे, त्यातील पुष्कळ बोलण्याच्या स्वरूपात आहे. कुंडलिकेच्या पलीकडे मुरूड तालुक्यातील कोर्लई येथील ख्रिस्ती समाजात पोर्तुगीजपासून उद्भवलेली एक मिश्रभाषा बोलली जाते. तिचे भाषक थोडे आहेत. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषावैज्ञानिकांचा तिच्यावरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रेवदंड्यात बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग आहे. तथापि १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला स्थलांतरित झाले. अशा समाजांतील वृद्धांच्या आठवणी, गाणी व म्हणी यांची घरच्या माणसाने केलेली नोंद हा पुढे अभ्यासाचा आधार होऊ शकते. तिच्यात चेहरा किती बिंदूंचा आहे, यापेक्षा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो की नाही, याला महत्त्व असते. शांत खोली, पंखा बंद, खिडकीकडून चेहऱ्यावर येणारा प्रकाश व जवळ ठेवलेला ध्वनिग्राहक एवढ्या तयारीने साध्या यंत्रावरही अशी नोंद उत्तम होते.

चित्रणांचे जतन : चित्रण झाल्यावर ते टिकविणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. चुंबकीय फितीवरील चुंबकीय लेप दमट हवेत चिकट होतो, तीवर बुरशी वाढते आणि फीत शाबूत असली, तरी ती वाचणारे यंत्र मिळेनासे होते. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले. फितींवरील नोंदी लवकर अंकीय स्वरूपात आणल्या नाहीत, तर त्या कायमच्या नष्ट होतील, अशी सूचना युनेस्कोच्या सहभागाने २०१९ मध्ये जगभर देण्यात आली. ज्या घरांत ऐंशी व नव्वदच्या दशकांतील लग्नांच्या फिती कपाटात पडून आहेत, त्यांनी नवे यंत्र घेण्याआधी त्या उतरवून घेणे श्रेयस्कर होय.

स्मृतिपत्र हे नोंदीचे साधन आहे, संग्रहाचे नव्हे. ते पुसून पुन्हा वापरण्यापूर्वी चित्रणाच्या तीन प्रती कराव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात व त्यांतील एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, असा संकेत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यात अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या तालुक्यांतील घरांची छपरे उडाली, वाड्या आडव्या झाल्या व कित्येक गावे अनेक दिवस विजेविना राहिली. अशा प्रसंगी एकाच घरातील सर्व प्रती एकदम भिजतात; पुण्या-मुंबईतील वा परदेशातील नातलगाकडे असलेली प्रत तेवढी वाचते. एव्हीसीएचडी पद्धतीत एक दीर्घ प्रसंग अनेक तुकड्यांत विभागून नोंदला जातो. म्हणून सुटे तुकडे न उचलता संपूर्ण संचयिका जशीच्या तशी उतरवावी. साठवण चकत्या वर्षातून एकदा चालवून पाहाव्यात व काही वर्षांनी नव्या चकत्यांवर प्रती कराव्यात. प्रत्येक चित्रणाच्या नावात दिनांक व स्थळ घालावे आणि त्यात दिसणाऱ्या व्यक्तींची नावे व परस्परांशी नाती लिहून ठेवावीत. ती सांगू शकणारी माणसे हयात असतानाच हे काम करावे लागते.